अमीबा एकटा येत नाही



शाळेची सुट्टी संपवून लोक भारतातून मस्कतला परतू लागले की आमच्या घरचा फोन वाजू लागतो. विषय ठरलेला. "काकू, गावाला गेलो होतो तेव्हा सगळ्यांच्या तपासण्या करून घेतल्या. धाकट्याच्या रिपोर्टमध्ये 'एन्टामीबा हिस्टोलिटिका सिस्ट्स सीन' असं आलंय." मी विचारते, पोरगा कसा आहे? "तो ठणठणीत आहे हो, आत्ताच खाली क्रिकेट खेळायला गेला. पण सिस्ट आहेत ना!" काही घरांत तोपर्यंत मेट्रोनिडाझोलचा एक कोर्स पार पडलेला असतो, आणि दुसर्‍या कोर्सच्या गोळ्या मेतकूट-भाजणीच्या पिशवीतून इथवर आलेल्या असतात. एका घरी तर हा तिसरा कोर्स होता. ठणठणीत पोराला.

हाच कागद एखाद्या स्वयंपाक्याच्या नावाने निघाला तर गोष्ट घरगुती राहत नाही. आपल्याकडच्याच एका मुलाला, रुवीत मेसमध्ये पोळ्या लाटणार्‍या, सिस्ट दिसल्या म्हणून तीन आठवडे कामावर घेतले नाही. पगारही नाही. त्याचे पोट कधी दुखले नव्हते. मालकाची काळजी मी समजू शकते, शंभर माणसे जेवतात तिथे. पण त्या कागदावरच्या चार शब्दांचा अर्थ मालकालाही ठाऊक नव्हता आणि मुलालाही. म्हणून या वेळी संपादकांकडून जास्तीची पाने मागून घेतली आहेत.

आम्ही लॅबवाले नेमके काय करतो ते आधी सांगते. (जेवण झाल्यावर वाचा.) काचपट्टीवर एका बाजूला मिठाच्या पाण्याचा थेंब, दुसर्‍या बाजूला आयोडिनचा. काडीच्या टोकावर येईल एवढा नमुना दोन्हींत कालवायचा आणि वर पातळ काच ठेवायची. आयोडिनमध्ये अमीबाची सिस्ट, म्हणजे कवचात गुंडाळून झोपी गेलेला अमीबा, पिवळसर गोल दिसते. आकार मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा किंवा थोडा जास्त. आत केंद्रके असतात, ती मोजायची. चारपर्यंत असली तर हिस्टोलिटिका लिहायचे. आठ दिसली तर ती एन्टामीबा कोलाय, तिचे-आपले भांडण नाही. नमुना ताजा, अर्ध्या तासाच्या आतला असेल तर मिठाच्या पाण्यात हलता अमीबाही सापडतो. त्याने पोटात माणसाच्या तांबड्या पेशी गिळलेल्या दिसल्या तर मात्र शंका उरत नाही, हा आतड्याला लागलेला आहे. नुसती सिस्ट दिसली तर एवढेच कळते की कोणीतरी घरात राहतो आहे. तो चोर आहे की नुसता भाडेकरू, हे काच सांगत नाही.

दुसर्‍याच्या जिवावर जगणारा तो परजीवी, आणि ज्याच्या जिवावर जगतो तो यजमान. पुस्तकांत 'पोषक', 'आश्रयी' असेही शब्द सापडतील, पण मला यजमान आवडतो. बिचारा पदरमोड करून पाहुण्याला पोसतो. आपल्या बोलण्यात परजीवी म्हटला की रोग आलाच. शास्त्रज्ञांनाही सुरुवातीला तसेच वाटत होते. १८७५ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये फेडोर लोश यांना रक्ती आंवेच्या रोग्याच्या शौचात हा अमीबा सापडला. आंव तिथे अमीबा, मग अमीबा तिथे आंव असलीच पाहिजे, असा हिशेब पुढे मांडला गेला.

तो हिशेब जुळत नाही हे १९१३ सालीच दिसले होते. मनिलामध्ये वॉकर आणि सेलार्ड्स या दोघांनी बिलिबिड तुरुंगातल्या २० कैद्यांना सिस्ट खायला घातल्या. कैद्यांनी संमती दिली होती असे लिहितात. तुरुंगातल्या माणसाची संमती ती काय, यावर वेगळा लेख होईल. २० पैकी १८ जणांच्या आतड्यात अमीबा स्थिरावला. आंव झाली फक्त चौघांना. बाकीचे चौदा जण अमीबा बाळगून खाऊन-पिऊन सुखी होते. एकाच ताटातला घास, तरी चौघांना बाधला आणि चौदांना नाही. का?

याचे एक उत्तर मिळाले जंतुविरहित गिनीपिगमध्ये. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आपल्या आतड्यात बॅक्टेरियांची केवढी मोठी वस्ती असते हे पाश्चरच्या काळात कळले होते. १८८५ साली पाश्चरने असे मत मांडले की या बॅक्टेरियांवाचून प्राणी जगूच शकणार नाही. ते तपासून पाहायचे तर असा प्राणी हवा ज्याच्या अंगात आणि अंगावर एकही जंतू नाही. १८९५ मध्ये बर्लिनमध्ये जॉर्ज नटॉल आणि हान्स थिअरफेल्डर यांनी तो खटाटोप केला. गाभण गिनीपिगच्या पोटावर शस्त्रक्रिया करून पिल्लू बाहेर काढले, कारण नेहमीच्या वाटेने जन्मताना आईचे जंतू लागतात. ते थेट बंद पेटीत ठेवले, आत जाणारी हवा गाळलेली, दूध निर्जंतुक केलेले. आणि हे दूध दर तासाला पाजायचे, दिवसाही आणि रात्रीही. घरात तान्हे मूल असलेल्यांना यातले कष्ट सांगायला नकोत. आठ दिवस पिल्लू जगले, वाढले, आणि तपासले तेव्हा आतड्यात एकही बॅक्टेरिया मिळाला नाही. म्हणजे निदान तेवढे दिवस तरी बॅक्टेरियांवाचून जगता येत होते.

हेच नटॉल पुढे केंब्रिजला गेले आणि परजीवीशास्त्राचे मोठे प्राध्यापक झाले. 'पॅरासिटॉलॉजी' हे नियतकालिक त्यांनी १९०८ साली सुरू केले, १९२१ मध्ये मोल्टेनो संस्था उभी केली, आणि गोचिडांवर आयुष्याची कितीतरी वर्षे घालवली. गोचिडात रमलेला हा माणूस तरुणपणी रात्र-रात्र जागून गिनीपिगला दूध पाजत होता हे फार थोड्यांना माहीत असते. मला स्वतःला ही दोन कामे एकाच माणसाने करावीत यात मोठी संगती वाटते. पाहुण्याला ओळखायचे तर आधी घर रिकामे असताना कसे दिसते ते पाहून ठेवावे लागते.

मात्र आठ दिवसांच्या पिल्लावर प्रयोग होत नाहीत. त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या जंतुविरहित राहणारे प्राणी हवेत. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या नोत्रे दाम विद्यापीठात जेम्स रेनियर्स यांनी १९२८ पासून त्याचा ध्यास घेतला. पोलादी टाक्या, त्यांना बसवलेले लांब रबरी हातमोजे. संशोधक बाहेर उभा राहून मोज्यांत हात घालणार आणि आतले सगळे काम करणार. पुढे १९५७ च्या सुमारास ट्रेक्सलर यांनी पोलादाऐवजी प्लास्टिकचे तंबू काढले, तेव्हा हे तंत्र इतर प्रयोगशाळांच्याही आवाक्यात आले.

हे प्राणी आपल्याला वाटतात तसे निरोगी-गुटगुटीत मात्र नसतात. जंतुविरहित उंदरांचे आणि गिनीपिगचे आंधळे आतडे फुगून कितीतरी पटींनी मोठे होते, कारण तिथला चिकट स्राव मोडून टाकणारे बॅक्टेरियाच नाहीत. व्हिटॅमिन 'के' अन्नातून दिले नाही तर उंदरांना रक्तस्राव होतो, कारण एरवी ते बॅक्टेरिया तयार करून देतात. प्रतिकारशक्तीही कच्ची राहते, लढायला कोणी आलेच नाही तर ती शिकणार कुठे? "आमच्याकडे बाळासाठी सगळं उकळून, पुसून, डेटॉल लावून" असे अभिमानाने सांगणार्‍या तरुण आयांना मी हा फुगलेल्या आतड्याचा किस्सा सांगते. त्या हसतात, आणि डेटॉल लावत राहतात. असो.

आता मुख्य प्रयोग. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले (ज्याला सगळे एनआयएच म्हणतात) परजीवीतज्ज्ञ ब्रूस फिलिप्स यांना हे जंतुविरहित गिनीपिग अमीबासाठी हवे होते. पण एक अडचण होती. अमीबा नेहमी बॅक्टेरियांच्या घोळक्यातच वाढतो, त्याला एकट्याला काचेच्या नळीत वाढवणे तोवर कोणाला जमले नव्हते. जंतुविरहित प्राण्यात घाणेरडा अमीबा सोडला तर प्रयोगच वाया. फिलिप्स यांनी १९५० मध्ये यावर युक्ती काढली. त्यांनी अमीबाला बॅक्टेरियांऐवजी ट्रिपॅनोसोमा क्रूझी या दुसर्‍याच एकपेशीय जीवाच्या सोबतीला ठेवून वाढवले. संगत बदलली, पण बॅक्टेरिया गेले.

मग फिलिप्स, त्यांच्या सहकारी पॅट्रिशिया वुल्फ आणि नोत्रे दामची मंडळी यांनी मिळून केलेला प्रयोग १९५५ साली प्रसिद्ध झाला. तीन प्रकारचे गिनीपिग घेतले: नेहमीचे, जंतुविरहित, आणि ज्यांच्या आतड्यात मुद्दाम बॅक्टेरियाची एकच जात सोडली आहे असे. सगळ्यांच्या आंधळ्या आतड्यात अमीबा थेट नेऊन सोडला. नेहमीच्या गिनीपिगपैकी बहुतेकांच्या आतड्याला व्रण पडले आणि ते दगावले. जंतुविरहित गिनीपिगना काहीही झाले नाही. व्रण नाही, आंव नाही. उलट अमीबाच थोड्या दिवसांत नाहीसा झाला. आणि तिसर्‍या गटात, जिथे आधी एकट्या ई. कोलायची किंवा तशाच दुसर्‍या एखाद्या साध्या बॅक्टेरियाची सोबत मिळाली, तिथे अमीबाने पुन्हा व्रण पाडले.

जरा थांबून हे नीट पाहा. अमीबा तोच. यजमान त्याच जातीचा. बॅक्टेरियाही असा की एरवी निरुपद्रवी म्हणून आपल्या सगळ्यांच्या पोटात असतोच. तो नाही तर अमीबाला टिकताही येत नाही, आणि तो आला की अमीबा आतडे पोखरतो. मग आंव कोणी केली म्हणायची?

बॅक्टेरिया तिथला ऑक्सिजन संपवतात, अमीबाला ऑक्सिजन फारसा मानवत नाही. अमीबा बॅक्टेरिया खातो, आणि काही बॅक्टेरिया खाल्ल्यावर तो जास्त आक्रमक होतो असेही पुढच्या प्रयोगांत दिसले. याचा एक जुना पुरावा डॉक्टरांच्या कपाटातही होता. पूर्वी आतड्यातल्या अमीबावर टेट्रासायक्लिन देत असत. ते औषध मुख्यतः बॅक्टेरियांवर चालणारे. अमीबाच्या पायाखालची चटई ओढून घ्यायची, एवढेच त्याचे काम. आपल्या आज्या कुड्याच्या सालीचा काढा देत त्याची जात निराळी. कुड्यातले कोनेसिन हे द्रव्य थेट अमीबाला मारते. कडू मात्र असे की आंव बरी पण काढा नको.

उलट दिशेचेही पुरावे आहेत, ते लपवून चालणार नाही. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या विल्यम पेट्री यांच्या गटाने २०१४ साली दाखवले की एक विशिष्ट बॅक्टेरिया आतड्यात असलेल्या उंदरांचा अमीबापासून बचाव होतो. म्हणजे सगळे शेजारी चोराला शिडी देणारे नसतात, काही आरडाओरडा करणारेही असतात. कोणाच्या पोटात कोणते शेजारी जास्त आहेत यावरही बरेच अवलंबून. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात २०१२ साली अमीबाचे रुग्ण आणि निरोगी माणसे यांच्या आतड्यातल्या बॅक्टेरियांची तुलना केली, तर वस्ती बदललेली आढळली.

मनिलाच्या चौदा सुखी कैद्यांचे दुसरे उत्तर याहून साधे आहे, आणि आपल्या रिपोर्टाशी त्याचा थेट संबंध आहे. पॅरिसमध्ये एमिल ब्रुम्प्त यांनी १९२५ साली म्हटले होते की ज्याला आपण हिस्टोलिटिका म्हणतो ते एक नसून दोन जीव आहेत, दिसायला हुबेहूब. एक आंव करतो, दुसरा मुळीच करत नाही. या दुसर्‍याला त्यांनी एन्टामीबा डिस्पार म्हटले. पन्नासहून अधिक वर्षे कोणी लक्ष दिले नाही. सूक्ष्मदर्शकात फरक दिसत नाही ना, मग फरकच नाही, असा आम्हा लॅबवाल्यांचा खाक्या. १९७८ मध्ये लंडनच्या सार्जंट यांनी दोघांची विकरे, म्हणजे एन्झाइम्स, वेगवेगळी असल्याचे दाखवले. १९९३ मध्ये लुई डायमंड आणि ग्रॅहम क्लार्क यांनी दोन जाती अधिकृतपणे वेगळ्या केल्या. हे डायमंड म्हणजे तेच, ज्यांनी १९६१ साली अमीबाला पहिल्यांदा कोणाच्याही सोबतीशिवाय नळीत वाढवून दाखवले.

१९९७ च्या जानेवारीत मेक्सिको सिटीत जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांची बैठक झाली. तिने सांगितले की नुसत्या सूक्ष्मदर्शकाने पाहिले असेल तर रिपोर्टात 'हिस्टोलिटिका किंवा डिस्पार' असे लिहावे. आणि माणसाला त्रास नसेल, दुसरे काही संशयाचे कारण नसेल, तर केवळ सिस्ट दिसल्या म्हणून औषध देऊ नये. जगात अशा सिस्ट बाळगणार्‍यांतले बहुसंख्य लोक डिस्पारचे यजमान असतात. खर्‍या हिस्टोलिटिकाच्या यजमानांतही दहातला एखादाच पुढे आजारी पडतो. या बैठकीला आता पंचवीसहून अधिक वर्षे झाली, तरी गावोगावच्या छापील फॉर्मवर तेच जुने चार शब्द येतात, आणि मला फोन येतात.

म्हणून रिपोर्ट हातात आला की आधी माणसाकडे पाहा. शौचात रक्त किंवा आंव, ताप, वजन उतरणे, उजव्या बरगडीखाली दुखणे (अमीबा यकृतात गेला तर असे होते, आणि प्रौढ पुरुषांत ते बायकांपेक्षा कितीतरी जास्त आढळते), यांतले काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, माझ्या लेखाची वाट पाहू नका. काहीच त्रास नसेल तर डॉक्टरांना विचारा की हिस्टोलिटिका की डिस्पार हे ठरवणारी तपासणी करता येईल का. अँटिजेनची आणि पीसीआरची, अशा दोन्ही तपासण्या आता आहेत. अन्न हाताळणार्‍या माणसाच्या बाबतीत तर हा प्रश्न मालकाने स्वतःहून विचारायला हवा. त्या पोळ्या लाटणार्‍या मुलाचे तीन आठवडे वाचले असते. खरा हिस्टोलिटिकाच निघाला, तर त्रास नसला तरी औषध घ्यावे लागते, कारण तो पुढे उलटू शकतो आणि दुसर्‍याला लागू शकतो. पण तेव्हाही एकट्या मेट्रोनिडाझोलने भागत नाही. ते आतड्याच्या भिंतीत शिरलेल्या अमीबाला मारते, पोकळीतल्या सिस्टवर त्याचा जोर चालत नाही. तिथे डायलोक्झनाइड किंवा पॅरोमोमायसिन लागते. म्हणजे ठणठणीत पोराला मेट्रोनिडाझोलचे तीन कोर्स देऊन सिस्ट राहतात त्या राहतात, आणि बळी जातात ते बिचारे शेजारी बॅक्टेरिया.

शेजार्‍यांवाचून अडणारा अमीबा एकटाच नाही. चाबूककृमी म्हणून एक जंत आहे, त्याची अंडी मातीतून, न धुतलेल्या भाजीतून पोटात जातात. इंग्लंडमध्ये मँचेस्टर विद्यापीठात २०१० साली दिसून आले की उंदरातल्या चाबूककृमीच्या अंड्याला आतड्यातले बॅक्टेरिया येऊन चिकटले की मगच त्याचे टोक उघडते आणि अळी बाहेर येते. बॅक्टेरिया नाहीत तर अंडे तसेच बंद. त्याच संशोधकांनी २०१८ मध्ये पुढचे दाखवले. जंत एकदा राहायला आला की तो आतड्यातली वस्ती अशी बदलतो की मागून येणार्‍या अंड्यांना फुटणे अवघड व्हावे. आपण आत शिरायचे आणि दाराला आतून कडी घालायची; रुवीत फ्लॅट शेअर करणार्‍यांना हा स्वभाव ओळखीचा वाटेल.

काही परजीवींची अट याहून मोठी. त्यांना आतड्यात नव्हे, घराबाहेरच दुसरा यजमान लागतो. बिलहार्झिया घ्या. या किड्याची अंडी माणसाच्या मलमूत्रातून पाण्यात पडतात, त्यांतली अळी विशिष्ट जातीच्या गोगलगायीत शिरते, तिच्यात वाढते, आणि मग शेपटीवाल्या हजारो अळ्या पाण्यात बाहेर पडून माणसाच्या कातडीतून आत घुसतात. गोगलगाय जुळली नाही तर सगळा संसार तिथेच थांबतो. भारतातले कितीतरी लोक आफ्रिका, इजिप्त, इराक पाहून आले, तरी हा रोग आपल्याकडे पसरला नाही, कारण लघवीतून जाणार्‍या बिलहार्झियाला लागणारी बुलिनस ही गोगलगाय भारतात नाही. मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत, जी पुढे हाफकिन संस्था झाली, तिथे डॉ. सोपारकर यांनी १९२१ च्या सुमारास गुरांच्या बिलहार्झियाचा गोगलगायीतला अवतार शोधून काढला होता. पण माणसाचा? तो इथे नाही, असेच पुस्तकांत छापून येई.

आणि १९५२ साली तो सापडला, तोही आपल्या कोकणात. रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाणारी माणसे होती. डॉ. आर. के. गाडगीळ आणि डॉ. एस. एन. शहा यांनी त्यांच्यात बिलहार्झियाची अंडी दाखवली. बुलिनस नसताना तो जगतो कसा, हे कोडे उरले. चार वर्षांनी, १९५६ मध्ये, याच दोघांनी उत्तर दिले: फेरिसिया टेन्युइस, टोपीच्या आकाराची, जेमतेम काही मिलिमीटरची गोगलगाय. इतकी बारकी की कपडे धुताना दगडावर ती आहे हेही लक्षात येऊ नये. १९८१ मध्ये हाफकिनच्या डॉ. बी. बी. गायतोंडे आणि सहकार्‍यांनी गिमवीचा पुन्हा सविस्तर अभ्यास केला. अख्ख्या भारतात माणसातल्या बिलहार्झियाचे पक्के ठाणे म्हणून याच एका गावाचे नाव घेतले जाते. गुहागरकर वाचकांनी रागावू नये, हा मान आहे असे मी म्हणत नाही. पण अमेरिकेत फिलिप्स शेजारी काढून घेऊन काय होते ते पाहत होते, त्याच वर्षांत कोकणात दोन डॉक्टर न दिसणारा शेजारी शोधत होते, हे मला सांगावेसे वाटले.

आता आपल्या दाराशी. मंडळाची सलालाहची सहल खरीफमध्ये निघते. (खरीफ आणि आपला खरीप एकच शब्द, अरबीतून आलेला.) हिरवे डोंगर आणि धुके पाहून आपल्या माणसाला घाट आठवतो, आणि घाट आठवला की पाण्यात पाय सोडावेसे वाटतात. धोफारमध्ये बिलहार्झिया आहे, आतड्याचा, शिस्टोसोमा मॅन्सोनी या जातीचा. सरकारच्या मोहिमेने रुग्ण फार कमी झाले आहेत, पण गोगलगायी आहेत, आणि आणखी एक यजमान आहे. अल खोदच्या सुलतान काबूस विद्यापीठातले डॉ. मोहम्मद इद्रिस आणि फ्रान्समध्ये पर्पिन्यांच्या एलेन मोने व गाब्रिएल मुआहिद यांनी धोफारमधल्या काळ्या उंदरांत, म्हणजे आपल्या घरी येतात त्याच जातीच्या उंदरांत, हा किडा शोधला.

त्यातून एक विलक्षण गोष्ट पुढे आली. बिलहार्झियाच्या अळ्या गोगलगायीतून कधी बाहेर पडायचे याची वेळ पाळतात, आणि ती वेळ यजमानाच्या सवयीवर बेतलेली असते. माणूस दिवसा पाण्यावर येतो, म्हणून या जातीच्या अळ्या सहसा भर दिवसा निघतात. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावर उंदरांच्या भागात त्या दुपारी उशिरा निघतात हे तेरों यांना आधीच आढळले होते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात या मंडळींनी लिहिले की धोफारमध्ये काही अळ्या चक्क रात्री बाहेर पडतात. उंदीर रात्री हिंडतो म्हणून. या जातीत अशी रात्रपाळी जगात आधी कोणी नोंदवली नव्हती.

तेव्हा वादी दरबातला काय किंवा दुसर्‍या कुठल्या झर्‍यावर काय, पाणी काठावरून पाहा, डबे उघडा, फोटो काढा, पण साचलेल्या किंवा संथ गोड्या पाण्यात उतरू नका. ऊन कलल्यावरचे पाणी तेवढे बिनधोक असेही धरून चालता येत नाही. समुद्राला हे भय नाही, खार्‍या पाण्यात या गोगलगायी राहत नाहीत. मुले ऐकली नाहीत आणि उतरलीच, तर पुढच्या दोन-तीन महिन्यांत अंगाला खाज, ताप, शौचात रक्त असे काही झाले तर डॉक्टरांना आपणहून सांगा की आम्ही धोफारला गोड्या पाण्यात उतरलो होतो. न विचारता डॉक्टरांच्या ते लक्षात येणार नाही. प्राझिक्वान्टेल नावाची गोळी यावर उत्तम चालते. मेट्रोनिडाझोल याही कामाचे नाही.